पाळणाघर आणि ज्येष्ठांचं डे केअर एकत्र चालवताना पैसा नेमका कुठे वाचतो?

प्रश्न असा आहे: पुण्याच्या उपनगरात एका संस्थेचं ३० मुलांचं पाळणाघर नीट चाललं आहे. लागूनच असलेला गाळा रिकामा होतोय. तिथे २० ज्येष्ठांसाठी दिवसभराचं केंद्र काढून दोन्ही एकत्र चालवलं तर खर्च किती वाचेल, आणि विश्वस्तांपुढे कोणता आकडा ठेवायचा?

थेट उत्तर आधी देतो. नीट आखणी केली तर दोन स्वतंत्र केंद्रांच्या एकूण खर्चापैकी साधारण १२ टक्के वाचतात. कोणी ३० टक्के सांगत असेल तर त्याने एक तर सांभाळणारी माणसं कमी धरली आहेत किंवा आजी-आजोबांनाच बिनपगारी ताई-मावशी म्हणून मोजलं आहे. पण १२ टक्के थोडे म्हणून सोडूही नका. ज्येष्ठांचं दिवसाचं केंद्र आपल्याकडे स्वतःच्या पायावर उभंच राहत नाही, कारण २० जणांच्या फीमध्ये पूर्ण व्यवस्थेचा खर्च निघत नाही. तो न निघणारा भाग भरून काढण्याइतकी ही बचत असते. त्यामुळे हिशोब बचतीच्या टक्क्यांत न मांडता ‘किती ज्येष्ठ आले की केंद्र तोट्यातून बाहेर येतं’ या प्रश्नावर मांडा.

खालचे आकडे मांडणीसाठी धरलेले आहेत. भाडं, पगार, भाव तुमच्या भागाप्रमाणे बदला, पण रकाने बदलू नका. महिन्याचे २४ दिवस धरले आहेत. मुलं ३०, त्यांतली १२ तीन वर्षांखालची. वेळ सकाळी ८॥ ते संध्याकाळी ७. ज्येष्ठ २०, चालते-फिरते, काही काठी किंवा वॉकर घेऊन, काहींना सुरुवातीचा स्मृतिभ्रंश. त्यांची वेळ १० ते ५.

आधी जागा. पाळणाघर वेगळं असेल तर सुमारे १,५०० चौरस फूट लागतं: खेळाची खोली ८००, झोपायची २५०, स्वयंपाकघर १२०, स्वच्छतागृहं १००, ऑफिस आणि सामान १३०, प्रवेश १००. ज्येष्ठांसाठी वेगळं केंद्र १,५५० चौरस फुटांचं: बसण्याची खोली ७००, आडवं होण्याची ३००, स्वयंपाकघर १५०, स्वच्छतागृहं १५०, ऑफिस आणि औषधांची खोली १३०, प्रवेश १२०. बेरीज ३,०५०. एकत्र केल्यावर मुलांची खोली ५५०, ज्येष्ठांची ४५० आणि मध्ये ३५० चौरस फुटांचं सामाईक दालन. झोपायच्या खोल्या आणि स्वच्छतागृहं आहेत तशीच. स्वयंपाकघर १८०, ऑफिस आणि नर्सची खोली मिळून १५०, प्रवेश १२०. बेरीज २,६००. म्हणजे ४५० चौरस फूट, साधारण १५ टक्के वाचले. ५० रुपये चौरस फुटाने भाडं १,५२,५०० वरून १,३०,००० वर आलं.

यात झोपायच्या खोल्या एकत्र केलेल्या नाहीत याकडे लक्ष द्या. मुलं आणि ज्येष्ठ दोघेही दुपारी १ ते ३ या वेळातच झोपतात, त्यामुळे तिथे एकच खोली दोन वेळा वापरण्याची सोयच नाही. स्वच्छतागृहंही सामाईक करता येत नाहीत. मुलांचं बसकं २५ ते २८ सेंटिमीटर उंचीचं, ज्येष्ठांचं ४५ ते ४८ सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे. शिवाय लहान मुलांचं स्वच्छतागृह बाहेरच्या कोणत्याही मोठ्या माणसासाठी बंद असणं हा सुरक्षेचा पहिला नियम आहे. तिथे काटकसर करू नका.

आता पगार. इथेच बहुतेक अंदाज फसतात. पाळणाघराला एक व्यवस्थापक ३२,०००, सहा ताई १६,००० प्रमाणे ९६,०००, स्वयंपाकी १७,०००, सफाई १४,०००, फाटकावरचा माणूस १५,०००. एकूण १,७४,०००. सहा ताई का? एका वेळी चार लागतात (लहानग्यांना सहा मुलांमागे एक, मोठ्यांना नऊ-दहांमागे एक), आणि साडेदहा तासांचा दिवस एका पाळीत बसत नाही. ज्येष्ठांकडे समन्वयक ३२,०००, तीन काळजीवाहक १७,००० प्रमाणे ५१,०००, नर्स २५,०००, स्वयंपाकी १७,०००, सफाई १४,०००, फाटक १५,०००. एकूण १,५४,०००. दोन्ही मिळून ३,२८,०००.

एकत्र केल्यावर ताई सहाच राहतात, काळजीवाहक तीनच राहतात. त्यांत एकही माणूस कमी होत नाही. दोन व्यवस्थापकांऐवजी एक अनुभवी माणूस ४२,००० वर घ्या, म्हणजे २२,००० वाचले. फाटक एकच, १५,००० वाचले. मुलांच्या बाजूची जबाबदारी एका ज्येष्ठ ताईवर द्यावी लागेल, तिला ४,००० जास्त. स्वयंपाकघरात पगाराची बचत शून्य होते, हे अनेकांना पटत नाही. पण ५० ताटांचं काम एकट्याला झेपत नाही. स्वयंपाकी २०,००० आणि मदतनीस १४,००० मिळून ३४,००० होतात, म्हणजे पूर्वीच्या दोन स्वयंपाक्यांइतकेच. सफाईचंही तसंच. त्यात दोन्ही पिढ्यांचे एकत्र कार्यक्रम आखणारी अर्धवेळ व्यक्ती १०,००० ची धरा. एकूण ३,०५,०००. बचत २३,०००, म्हणजे पगाराच्या ७ टक्के.

ही अर्धवेळ व्यक्ती विश्वस्त पहिल्याच बैठकीत कापायला बघतील. कापू देऊ नका. ती नसेल तर सहा महिन्यांत सामाईक दालनाला कुलूप लागतं. ताईंना वाटतं आजी-आजोबा आणणं हे जास्तीचं काम, काळजीवाहकांना वाटतं मुलं आणणं हे जास्तीचं काम, आणि शेवटी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन केंद्रं चालतात. मग सामाईक जागेचं भाडं दोघांनाही जड होतं.

किराणा आणि जेवण: मुलांचं जेवण आणि दोन खाऊ मिळून रोजचे ४५ रुपये, ज्येष्ठांचे ७५. महिन्याला ३२,४०० आणि ३६,०००, मिळून ६८,४००. एकत्र खरेदी, कमी नासाडी आणि एकाच चुलीचा गॅस यांतून ८ टक्के सुटतात, म्हणजे ५,५०० रुपये. रक्कम लहान आहे, पण जेवणाची सांगड मात्र छान जमते, कारण दोघांनाही मऊ, कमी तिखट आणि गरम लागतं. मुगाची खिचडी, वरणभात, दुधी-भोपळ्याची पातळ भाजी, नाचणीचं सत्त्व, शिरा, दहीभात. स्वयंपाक एकच ठेवा आणि शेवटच्या टप्प्यावर वेगळा करा: मधुमेही ज्येष्ठांचा शिरा साखर घालण्याआधी बाजूला, रक्तदाबवाल्यांचं वरण मीठ घालण्याआधी बाजूला. मुलांना ११॥ ला आणि ज्येष्ठांना १२॥ ला वाढलं की तीच भांडी, तीच माणसं दोन पंगती करतात. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं दोन्हीकडे बंद. लहान मुलाच्या आणि गिळायला त्रास होणाऱ्या ज्येष्ठाच्या घशात एकाच प्रकारच्या गोष्टी अडकतात. वर्षाखालची मुलं असतील तर त्यांच्या खाण्यात मध अजिबात नको.

सगळ्यांत मोठी बचत जिथे आहे तिथे कोणी बघत नाही, ती म्हणजे गाडी. पाळणाघराची व्हॅन ३०,००० आणि सोबतची मदतनीस १०,०००. ज्येष्ठांची गाडी ३६,००० आणि मदतनीस १०,०००. एकूण ८६,०००. पण दोघांच्या वेळा एकमेकांवर येत नाहीत. मुलं ८ ते ९। या वेळात येतात, ज्येष्ठ ९॥ ते १०॥. दुपारी १२ ते १ शाळेतून येणारी मुलं. ज्येष्ठ ४॥ पासून निघतात, मुलं पावणेसहापासून. दिवसभरात पाच फेऱ्या एकाच गाडीला बसतात. जास्त तासांचा करार ४६,००० आणि दिवसभराची मदतनीस १२,००० मिळून ५८,०००. बचत २८,०००. एकूण बचतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका गाडीतून आला.

गाडीची बचत मात्र सगळ्यांत नाजूकही आहे. ज्येष्ठांना गाडीत चढायला-उतरायला माणशी तीन ते चार मिनिटं लागतात. सात जणांना घरून आणायचं तर नुसत्या चढण्यात अर्धा तास जातो, आणि लिफ्ट नसलेल्या सोसायटीत त्याहून जास्त. त्यामुळे ज्येष्ठांचा पट्टा केंद्रापासून ३ किलोमीटरच्या आत ठेवा आणि लांबच्यांना ‘घरच्यांनी सोडावं’ हे प्रवेशावेळीच लिहून घ्या. दुसरी अडचण परवान्याची. शाळकरी मुलांची वाहतूक महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांखाली येते. त्या परवान्याच्या गाडीत मधल्या वेळात ज्येष्ठांना नेता येतं का, हे आरटीओकडून आणि विमा कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय करार करू नका. अपघात झाला तर नुकसानभरपाई याच एका कागदावर अडते.

उरलेली किरकोळी: वीज, हिशोबनीस, विमा, इंटरनेट, साबण-डायपर-हातमोजे. वेगवेगळं चालवलं तर ७१,०००, एकत्र ६३,०००. यात संसर्ग टाळण्यासाठीचे २,००० जास्तीचे धरलेले आहेत.

सगळं एकत्र ठेवलं तर असं दिसतं:

जागा: १,५२,५०० ऐवजी १,३०,०००
पगार: ३,२८,००० ऐवजी ३,०५,०००
जेवण: ६८,४०० ऐवजी ६२,९००
गाडी: ८६,००० ऐवजी ५८,०००
किरकोळ: ७१,००० ऐवजी ६३,०००
एकूण: ७,०५,९०० ऐवजी ६,१८,९००

महिन्याला ८७,०००, म्हणजे १२.३ टक्के. माणशी १,७४० रुपये. निम्म्याहून अधिक बचत जागा आणि गाडी या दोन रकान्यांतून आली आहे, सांभाळण्याच्या कामातून जवळजवळ काहीच नाही. आणि तसंच असायला हवं.

आता विश्वस्तांना दाखवायचा आकडा. तुमचं पाळणाघर आधीच चालू आहे आणि त्याचा खर्च या मांडणीत ३,५६,९०० आहे. एकत्र केंद्राच्या ६,१८,९०० मधून तो वजा केला तर ज्येष्ठांमुळे वाढलेला खर्च २,६२,००० निघतो, म्हणजे २० जणांवर माणशी १३,१००. हेच केंद्र स्वतंत्र काढलं असतं तर ३,४९,०००, माणशी १७,४५०. फी १५,००० ठेवली आणि जेवण-साबणासारखा माणसागणिक बदलणारा खर्च २,१०० धरला, तर एकत्र केंद्रात १७-१८ ज्येष्ठांवर तोटा संपतो. स्वतंत्र केंद्रात तो २४ ज्येष्ठांवर संपतो, आणि तुमच्याकडे खुर्च्या २० आहेत. एक पूर्ण भरूनही तोट्यात, दुसरं दोन खुर्च्या रिकाम्या ठेवून बरोबरीत. एकत्र केंद्राच्या बाजूने याहून मोठा मुद्दा मला माहीत नाही.

गाडीची सांगड जमली नाही तर काय होतं तेही दाखवा. बचत ८७,००० वरून ५९,००० वर येते आणि तोटा संपायला पूर्ण २० ज्येष्ठ लागतात. म्हणजे हातात काहीच मोकळीक उरत नाही. म्हणून गाड्यांच्या फेऱ्या कागदावर नव्हे, प्रत्यक्ष रस्त्यावर आठवडाभर फिरवून बघा, पावसाळ्यात बघितल्या तर उत्तम.

भरती हळू होते हेही धरून चाला. पाळणाघराची गरज नोकरीवर परत जायच्या तारखेला बांधलेली असते, त्यामुळे पालक स्वतः शोधत येतात. ज्येष्ठांच्या बाबतीत घरात निर्णयच लांबतो. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न असतो, आणि ‘महापालिकेचं विरंगुळा केंद्र फुकट आहे की’ हाही. विरंगुळा केंद्र हे धडधाकट ज्येष्ठांना दोन तास भेटायची जागा आहे. तिथे औषध वेळेवर देणारं, स्वच्छतागृहात हात धरणारं, जेवण भरवणारं कोणी नसतं. हा फरक प्रवेशाच्या पत्रकात पहिल्या चार ओळींत लिहा. भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघांना आणि जवळच्या फॅमिली डॉक्टरांना भेटा, जाहिरातीपेक्षा तिथून जास्त येतात. काळजीवाहक टप्प्याने घ्या: सातव्या ज्येष्ठापर्यंत एक आणि बदलीला एक, चौदापर्यंत दोन, पुढे तीन. पहिल्या दिवसापासून पूर्ण माणसं घेतली तर पहिल्या सहा महिन्यांतच गंगाजळी आटते.

एकदाच करायचा खर्च या मांडणीत साडेसहा लाख धरा: उतार, दांडे, स्वच्छतागृहांचे बदल, मधला अर्धा दरवाजा, हात धुण्याची दोन जास्तीची ठिकाणं, कॅमेरे, अग्निसुरक्षेची कामं, घसरणार नाही अशी फरशी. उताराचं प्रमाण १ ला १२, म्हणजे दीड फूट जोत्याला १८ फूट लांब उतार. गाळ्यासमोर तेवढी जागा नसेल तर वळणाचा उतार लागतो आणि खर्च वाढतो. दरवाजे किमान ९० सेंटिमीटर रुंद. कागदावर ही रक्कम साडेसात महिन्यांत वसूल होते, पण वर सांगितलेल्या हळू भरतीमुळे दीड वर्ष धरणं शहाणपणाचं.

कराचा एक खड्डा आहे, तो कोणी आधी सांगत नाही. सेवा देणाऱ्यांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, आणि ती एका पॅनखालच्या सगळ्या उलाढालीवर मोजतात, करमाफ उलाढालसुद्धा धरून. १० ज्येष्ठांची वर्षाची फी १८ लाख. ती स्वतंत्र संस्थेत असती तर मर्यादेच्या आत बसली असती, पाळणाघराच्या फीसोबत एका पॅनखाली आली की मर्यादा ओलांडली जाते. १८ टक्के कर लागला तर १५,००० वर २,७०० रुपये, म्हणजे माणशी बचतीपेक्षा जास्त. वृद्धाश्रमासाठी जी सूट आहे (६० किंवा अधिक वयाची निवासी व्यक्ती, महिना २५,००० रुपयांपर्यंत, आयकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून १२एए किंवा १२एबी नोंदणी असलेली संस्था) ती निवासी सेवेसाठी आहे, दिवसा येऊन जाणाऱ्यांना ती आपोआप लागू होते असं समजू नका. शाळापूर्व शिक्षणाची सूट आणि नुसता सांभाळ यांतही फरक करतात. सनदी लेखापालाचं लेखी मत करारावर सही करण्याआधी घ्या. कर्मचाऱ्यांचंही मोजा. या आखणीत माणसं १८ होतात, दोन बदली ताई घेतल्या की २०, आणि २० किंवा अधिक माणसं झाली की भविष्य निर्वाह निधी (पीएफ) लागू होतो. तो पहिल्यापासूनच द्यावा असं माझं मत आहे. या कामात टिकणारी माणसं पगाराइतकीच पीएफकडे बघतात, आणि ताई बदलली की मुलं आणि आजी दोघंही कोमेजतात.

परवानग्यांत एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत वृद्धांची निवासगृहं आणि अनाथालयं एकाच उपवर्गात, सी-२ मध्ये, येतात. दिवसाच्या केंद्राला तोच वर्ग लागेल असं नाही, पण दोन्ही वयांना बाहेर काढायला मदत लागते हे संहितेने एकत्र धरलेलं आहे, त्यामुळे अग्निशमन अधिकाऱ्याला आराखडा समजावणं सोपं जातं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखालचं काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्या. बाहेर काढण्याचा सराव करताना एक साधा हिशोब करा: ३० मुलं आणि २० ज्येष्ठ आत असताना हातात किती माणसं आहेत? दुपारी २ वाजता, निम्मे झोपलेले आणि दोन ताई जेवायला गेलेल्या असताना, सराव करून बघा. तेव्हा उत्तर समाधानकारक नसेल तर जेवणाच्या पाळ्या बदला. दोन्ही केंद्रं तळमजल्यावरच ठेवा.

आता बचत ज्यामुळे एका दिवसात उडून जाऊ शकते त्या गोष्टी.

औषधं. ज्येष्ठांच्या पिशवीतली औषधं ही या केंद्रातली सगळ्यांत घातक वस्तू आहे. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी एक गोळी दोन वर्षांच्या मुलाने गिळली तर रक्तातली साखर धोकादायक पातळीवर उतरते, आणि परिणाम काही तासांनी दिसतो, म्हणून लगेच कळतही नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तसंच. नियम एकच: पिशवी दारातच नर्सच्या ताब्यात, गोळ्या कुलुपात, दिलेली गोळी गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. श्रवणयंत्रातल्या बटणासारख्या बॅटऱ्यांनाही हाच नियम. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजायला लागते.

संसर्ग. लोकांना भीती वाटते ती मुलांकडून ज्येष्ठांना होणाऱ्या सर्दी-फ्लूची, आणि ती खरी आहे. प्रवेशावेळी ज्येष्ठांना दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोकोकल लस घ्यायला सांगा. पण उलट दिशेचा धोका आपल्या देशात मोठा आहे: क्षयरोग. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या ज्येष्ठाला तपासणीशिवाय आत घेऊ नका, आणि प्रवेशाआधी सगळ्यांचाच छातीचा एक्स-रे मागा. पाच वर्षांखालच्या मुलांत क्षयरोग गंभीर रूप घेतो. नागीण झालेल्या ज्येष्ठाकडून लस न घेतलेल्या मुलाला कांजिण्या होऊ शकतात, म्हणून फोड पूर्ण सुकेपर्यंत सुट्टी. पृष्ठभाग पुसायला ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिटरमागे २० मिलिलिटर, उलटी-जुलाबाच्या जागी ९०० मिलिलिटर पाण्यात १००. द्रावण रोज ताजं करा, कालचं निकामी.

पडणं. सामाईक दालनात खेळणी जमिनीवर राहिली की वॉकर अडकतो. प्रत्येक कार्यक्रमानंतर खेळणी ढकलगाडीत गोळा झाल्याशिवाय ज्येष्ठांनी उठायचं नाही, हा क्रम ठरवून टाका. दालनात धावणं नाही. धावायला मुलांची खोली आहे.

आजी-आजोबांना सांभाळणाऱ्यांत मोजणं. हे पुन्हा सांगतो, कारण मोह मोठा आहे. गोष्ट सांगणारी आजी दालनात आहे म्हणून ताई फोन घ्यायला बाहेर गेली, असं एकदाही होता कामा नये. मूल पडलं तर आजी उठू शकणार नाही, आणि काही झालं तर दोष तिच्यावर येईल. कोणताही ज्येष्ठ आणि मूल कर्मचाऱ्याशिवाय एका खोलीत नकोत. पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, दृष्टीनेही हा नियम सगळ्यांचं संरक्षण करतो. आणि ज्यांना मुलं नकोशी वाटतात अशा ज्येष्ठांना न येण्याची मुभा हवी. श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला ३० मुलांचा गलका अक्षरशः टोचतो. दालन आणि ज्येष्ठांची खोली यांच्यामधला दरवाजा भरीव आणि घट्ट बसणारा घ्या.

कार्यक्रम छोटे ठेवा: आठवड्यातून तीन दिवस, सकाळी १०॥ ते ११, आठ-दहा मुलं आणि सहा-आठ ज्येष्ठ. शेंगा सोलणं, वाती वळणं, रांगोळीचे ठिपके, अंगाई, भेंड्या. दोघांच्याही हातांना काम देणारं काहीही. नुसतं ‘आजोबांना नमस्कार करा, गाणं म्हणून दाखवा’ असलं की ज्येष्ठ प्रेक्षक होतात आणि महिनाभरात कंटाळतात.

परदेशात हे काम जुनं आहे. सिएटलच्या एका मोठ्या वृद्धाश्रमात, प्रॉव्हिडन्स माउंट सेंट व्हिन्सेंटमध्ये, १९९१ पासून पाळणाघर चालतं. टोकियोच्या एदोगावा भागात कोतोएन आहे. लंडनच्या नाइटिंगेल हाउसमध्ये २०१७ पासून बालवाडी आहे. पण त्यांची खर्चाची गणितं तशीच उचलू नका. या जागा निवासी आहेत. स्वयंपाकघर, नर्स, पहारा चोवीस तास आधीच चालू असतो, ज्येष्ठांना आणायची गाडी लागत नाही, त्यामुळे वाढीव खर्च फक्त मुलांच्या बाजूचा. आपल्याकडे एखाद्या वृद्धाश्रमाला ही दिशा घेता येईल, मात्र तो शहराबाहेर असतो आणि ऑफिसला जाणारे आई-बाप मुलाला सोडायला वाट वाकडी करत नाहीत. शहरात मधोमध असलेल्या वृद्धाश्रमांनी मात्र याचा जरूर विचार करावा.

उत्पन्नाच्या बाजूला दोन गोष्टी करा. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला २०१७ पासून पाळणाघराची सोय देणं बंधनकारक आहे. जवळच्या दोन-तीन कंपन्यांशी ठरावीक जागांचा वार्षिक करार झाला तर मुलांच्या बाजूचं उत्पन्न स्थिर होतं, आणि त्याच कर्मचाऱ्यांचे आई-वडील तुमचे पुढचे ज्येष्ठ असतात. दुसरी, मूल आणि आजी दोघंही तुमच्याकडे येणाऱ्या घराला सवलत. मुलाची फी १२,५०० धरली तर दोघांचे २७,५००. पाच टक्के म्हणजे १,३७५ सोडा. दोन माणसांची बचत ३,४८० आहे, तेव्हा ते परवडतं. दहा टक्के दिले तर त्या बचतीतला बराचसा भाग गेला आणि गाडी बिघडलेल्या महिन्यासाठी काही उरलं नाही.

शेवटी हिशोब. दोन्ही बाजूंची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. या आखणीत मुलांची स्वतःची जागा ९०० चौरस फूट, ज्येष्ठांची ९००, सामाईक ८००. स्वतःच्या जागेचं भाडं ज्याचं त्याच्यावर, दालन वापराच्या तासांवर, स्वयंपाकघर ताटांवर, गाडी फेऱ्यांवर वाटा. पालक विचारतील, ‘आमच्या फीमधून आजींचा खर्च चालतो का?’ सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, देणाऱ्या कंपन्या उलट विचारतील. दोघांना एकाच वहीतून उत्तर देता आलं पाहिजे. आणि १२ पेक्षा कमी ज्येष्ठांची खात्री असेल, किंवा येणारे बहुतेक अंथरुणाला खिळलेले असतील, तर हा बेत सध्या करू नका. शेजारचा गाळा पूर्ण भाड्याने घेण्याआधी मालकाकडून सहा महिन्यांची निम्म्या जागेची मुदत मागून बघा. रिकामा गाळा असेल तर अनेकदा ती मिळते.